व्हिडिओ कोणत्या गावचा?

परतवाड्याहून धारणीच्या रस्त्याला लागलं की आधी सेमाडोह येतं, मग कोलकास आणि पुढे हरिसाल. यातलं हरिसाल महाराष्ट्राला व्हिडिओमुळे माहीत झालं. २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या प्रकल्पातून ते 'डिजिटल गाव' म्हणून पुढे आलं आणि त्याच्या जाहिराती झाल्या. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी त्याच गावातलं दुसरं चित्रण सभेच्या पडद्यावर दाखवलं, आणि 'लाव रे तो व्हिडिओ' हे वाक्य राज्यभर लोकांच्या तोंडी बसलं. गाव एकच, व्हिडिओ दोन, आणि दोन्हींत काय दाखवायचं हे गावाबाहेर ठरलेलं. त्यानंतर हरिसालवर बोलणारे पुष्कळ झाले. हरिसालचं माणूस दर आठवड्याला स्वतःच्या मनानं काही सांगत असेल तर ते कुठं बघायला मिळेल, ही चौकशी मात्र फारशी कुणी केली नाही.

हरिसाल ज्या मेळघाटात आहे, त्या मेळघाटाला हे नवं नाही. १९७३-७४ मध्ये देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होतं, आणि कॅमेरा इथं वाघामागे आला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बालमृत्यूंच्या बातम्या बाहेर गेल्या, तेव्हा तो कुपोषणामागे आला. त्यानंतर 'डिजिटल'मागे. ही चित्रणं खोटी होती असं माझं म्हणणं नाही. त्या बातम्या बाहेर गेल्या नसत्या तर मुंबई-नागपूरला जाग यायला आणखी उशीर झाला असता. पण या प्रत्येक वेळी इथला माणूस दाखवला गेला, त्याला सांगू दिलं गेलं नाही. इथली कोरकू आदिवासी बाई पडद्यावर आली ती कडेवर अशक्त लेकरू घेऊन. ती कुटकी कशी कांडते, मोह वेचायला किती पहाटे निघते, मैत्रिणींशी काय बोलून खळखळून हसते, हे पाहायला कुणी थांबलं नाही.

आता तिच्या घरातल्या पोराच्या हातात फोन आहे. सेमाडोहला पर्यटकांना जंगलात नेणारे तरुण गाईड आहेत, धारणीच्या बाजारात मोबाइलची दुकानं आहेत, आणि रेंज कुठल्या टेकाडावर लागते हे गावागावात लहान मुलांनाही पाठ आहे. चित्र काढणं सोपं झालं. अवघड राहिलं ते सापडणं. पुढच्या पानांत जी यादी आहे ती त्या सापडण्यासाठी केलेली आहे: मराठीतल्या, वऱ्हाडीतल्या, कोरकूतल्या आणि काही शेजारच्या भाषांतल्या स्वतंत्र व्हिडिओ मालिकांची. शेती, आरोग्य, स्वयंपाक, विज्ञान, गोष्टी, गाणी, कीर्तन, जंगल, गप्पा असे तिचे भाग आहेत. शिक्षकांना, ग्रंथालयांना, शेतकरी गटांना आणि संध्याकाळी चार घटका काही चांगलं पाहावं असं वाटणाऱ्या कुणालाही ती वापरता यावी.

'स्वतंत्र' कुणाला म्हणायचं आणि 'मालिका' कशाला, हे आधी ठरवावं लागलं. काय दाखवायचं याचा शेवटचा शब्द दाखवणाऱ्याचाच असेल ती स्वतंत्र, असं आम्ही धरलं. टीव्ही वाहिनी किंवा मोठ्या ओटीटी कंपनीच्या पैशातून आणि परवानगीतून झालेलं काम कितीही चांगलं असलं तरी इथं घेतलेलं नाही. त्याची जाहिरात करायला माणसं आहेत. मालिका म्हणजे एकच माणूस किंवा एकच गट एका विषयाकडे पुन्हा पुन्हा येतो ते. एखादा गाजलेला सुटा व्हिडिओ यात नाही. गाजणं एका दिवसाचं असतं. विषयाकडे परत येणाऱ्याला मात्र दुसऱ्या खेपेला जास्त दिसतं, चौथ्या खेपेला त्याहून जास्त, आणि बघणाऱ्यालाही त्याच्याबरोबर शिकता येतं.

हा प्रकार जगातही फार जुना नाही. यूट्यूब २००५ मध्ये सुरू झालं. २००७ मध्ये फेलिशिया डे या अमेरिकन अभिनेत्रीनं 'द गिल्ड' ही ऑनलाइन खेळ खेळणाऱ्या मित्रमंडळाची छोट्या भागांची मालिका काढली. सुरुवातीच्या काही भागांनंतर पैसे संपले, आणि प्रेक्षकांनी इंटरनेटवरून पाठवलेल्या वर्गणीवर पुढचे भाग झाले. टीव्हीला जो विषय फार थोड्यांचा वाटला असता त्याला त्या थोड्यांनीच उभं केलं. आपल्याकडे याच्या आधीचा एक धागा आहे, तो मालेगावचा. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' केला. क्रेन-ट्रॉलीची कामं सायकल आणि बैलगाडीवर भागवली. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटानं ती धडपड जगापुढे नेली. यंत्रमागावर घाम गाळून आलेल्या माणसाला आपल्या बोलीत आपल्या गल्लीतला नायक पाहायचा होता. ती भूक इंटरनेटच्या आधीची आहे. पुढे त्याच मालेगावातून छोटू दादाचे व्हिडिओ देशभर गेले, यात मला आश्चर्य वाटत नाही.

मराठीत बांध फुटला तो २०१६ मध्ये. त्या सप्टेंबरात जिओ आलं आणि नेटपॅक स्वस्त झाले. त्याच वर्षी सारंग साठये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी सुरू केलेल्या 'भाडिपा' या यूट्यूब चॅनेलवर अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांची 'कास्टिंग काउच' मालिका आली. पुण्या-मुंबईच्या तरुणांना तिनं आपली बोली दिली. पण माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट थोडी नंतर आणि शहरांपासून दूर घडली. सातारा जिल्ह्यातल्या कोरी पाटी प्रॉडक्शननं 'गावाकडच्या गोष्टी' सुरू केली. बारामती परिसरातून 'चांडाळ चौकडीच्या करामती' आली. या मालिकांत वाडा नाही, दागिन्यांनी मढलेल्या सासवा नाहीत. पारावरचं भांडण आहे, दुधाचा हिशोब आहे, लग्न न जमणारा शेतकरी मुलगा आहे. टीव्हीवरचं गाव म्हणजे शहरातून दिसणारं गाव असतं. इथं गावच गावाला बघतं, म्हणून पात्रांना उगाच भोळं किंवा उगाच लबाड व्हावं लागत नाही. या दोन्ही मालिका पश्चिम महाराष्ट्राच्या बोलीतल्या आहेत. ज्या वऱ्हाडच्या बोलीला उद्धव शेळक्यांनी १९६० मध्ये 'धग' कादंबरीत आणलं, विठ्ठल वाघ आणि शंकर बडे यांनी गावोगावच्या मंचावर मान मिळवून दिला, त्या बोलीत इतकी लांब आणि सलग कथामालिका झाली पाहिजे. सुटी प्रहसनं पुष्कळ आहेत, त्यातली बरी यादीत घेतली आहेत. पण वऱ्हाडी म्हणजे हसवायची बोली ही समजूत त्यांनी घट्ट केली, हे मला खटकतं. 'धग'मधली कौतिक हसवत नाही.

वऱ्हाडीतलं सर्वात सलग आणि गंभीर व्हिडिओधन कीर्तनात आहे. अकोल्याकडचे सत्यपाल महाराज सात खंजेऱ्या एकट्यानं वाजवत व्यसन, हुंडा, अंधश्रद्धा यांवर बोलतात, आणि त्यांच्या कार्यक्रमांची चित्रणं गावोगावच्या फोनमध्ये आहेत. त्यांची परंपरा सरळ गाडगेबाबांपर्यंत आणि तुकडोजी महाराजांच्या खंजेरीपर्यंत जाते. समोरच्याला प्रश्न विचारायचा, त्याचं उत्तर त्याच्याच तोंडून काढायचं आणि मग पकडायचं, ही गाडगेबाबांची रीत पडद्यावरही लागू पडते. तरुण मुलांनी बोलायला शिकायचं असेल तर 'व्हिडिओ कसा बनवावा' असल्या शिकवण्या बाजूला ठेवून ही कीर्तनं बघावीत. पहिल्या मिनिटात माणसाला कसं धरून ठेवायचं हे वऱ्हाडला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही.

आता शोधण्याबद्दल. यूट्यूब उघडल्यावर समोर जे येतं ते आपण निवडलेलं नसतं. २०१२ पासून यूट्यूबनं व्हिडिओ किती वेळा उघडला यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला याला जास्त वजन दिलं. ज्यानं लोक जास्त वेळ बसून राहतात ते वर येतं. यात कुणाचा कट नाही, पण परिणाम उघड आहे. कोट्यवधींच्या हिंदीत बसून राहणारे कोट्यवधी मिळतात. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सव्वासात लाखांच्या आसपास होते, तेही मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात वाटलेले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यावर टॉवर नाही. तिथला उत्तम व्हिडिओसुद्धा आपणहून वर येणार नाही. २०१८ मध्ये आणखी एक पायरी आली: जाहिरातीतला वाटा मिळायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं आवश्यक झालं. पुढे काही अटी सैल झाल्या, पण छोट्या बोलीतल्या माणसाला ही चढण मोठीच आहे. म्हणून अशा मालिका आपण शोधून जाऊन पाहायच्या असतात. चांगल्या वाटल्या तर हातानं पुढे द्यायच्या असतात.

शोधताना अक्षरांचीही अडचण येते, आणि ती क्षुल्लक नाही. 'वऱ्हाडी' हा शब्द संगणकावर निदान दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण यंत्राला ती दोन निराळी अक्षरं वाटू शकतात. त्यात कुणी 'वर्हाडी' लिहितं, कुणी इंग्रजी अक्षरांत, आणि इंग्रजी अक्षरांतही प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. कोरकूचंही तसंच: 'कोरकू', 'कोरकु', आणि रोमन. एकदा शोधून काही मिळालं नाही तर काही नाहीच असं समजू नये. सगळ्या तऱ्हा करून पाहाव्यात. त्याहून उपयोगी पडतं ते गावाचं नाव. 'कोरकू गाणी' असं शोधलं तर चार गाजलेली गाणी पुन्हा पुन्हा येतात. धारणी, चिखलदरा, बैतूल, हरदा, खंडवा अशी गावं जोडली की दुसरीच दुनिया उघडते. गदली-सुसून या कोरकू नाचाची खरी चित्रणं, डीजेवर बसवलेली गाणी, लग्नातली, शेतात उभं राहून फोनवर घेतलेली. सातपुड्याच्या दोन्ही उतारांवरचे कोरकू या गाण्यांत एकमेकांना भेटतात. राज्याची सीमा त्यांच्या मध्ये आहे, पण गाणं अडत नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिच्या बहिणी संथाली, मुंडारी पार पूर्वेला झारखंड-ओडिशाकडे. आजूबाजूला मराठी-हिंदी असताना ती टिकली. आता तिला पहिल्यांदाच शाळेबाहेर, छापखान्याबाहेर, स्वतःची अशी एक जागा मिळते आहे. त्या जागेवरचं निम्मं काम ओबडधोबड आहे, आवाज फाटलेला आहे. तरी आम्ही ते घेतलं, कारण त्यातले शब्द इतरत्र कुठं नोंदलेले नाहीत.

एखादी मालिका आवडली की तिचे सर्वात जुने भाग आधी बघावेत, असं मी सुचवेन. माणूस कशासाठी सुरुवात करत होता हे पहिल्या भागांत कळतं. अलीकडचे भाग कधीकधी फक्त आकडे सांभाळण्यासाठी केलेले असतात. आणि मुलाखतींच्या मालिकेत आलेल्या पाहुण्याचा माग काढावा. विनायक पाचलग यांच्या 'थिंक बँक'वर किंवा सौमित्र पोटे यांच्या 'मित्र म्हणे'मध्ये कुणी आलेलं असतं, त्याचं स्वतःचं काम कुठं असतं, तिथून तिसरीकडे वाट जाते. मराठीत गप्पांच्या मालिका आता मुबलक आहेत आणि त्या सहज मिळतात, म्हणून यादीत त्यांना थोडकी जागा दिली आहे.

पण शोधायची मुख्य किल्ली आम्हाला मिळाली ती शेतीच्या व्हिडिओंच्या एका जुन्या प्रयोगातून, आणि तिच्यावर सगळी पुस्तिका उभी आहे. २००६ मध्ये बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये रिकिन गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'डिजिटल ग्रीन' नावाचं काम सुरू केलं. तज्ज्ञाचं भाषण टिपण्याऐवजी त्याच भागातल्या शेतकऱ्याला त्याच्या शेतात उभं करून त्याची पद्धत चित्रित करायची आणि शेजारच्या गावात लहान गटापुढे दाखवायची, मध्ये थांबवायची, प्रश्न घ्यायचे. तेव्हा लक्षात आलं की बघणाऱ्यांचा पहिला प्रश्न तंत्राबद्दल नसतो. हा माणूस कोण, कोणत्या गावचा, हे त्यांना आधी हवं असतं. ते कळल्याशिवाय पुढचं कानात शिरत नाही. मला हा प्रश्न फार शहाणा वाटतो. त्यात जमीन कसली, पाणी किती, त्याला परवडलं ते मला परवडेल का, तो खोटं बोलला तर त्याला गाठता येईल का, हे सगळं आलं. वरुडच्या संत्र्याच्या बागेतला सल्ला चिखलदऱ्याच्या उतारावरच्या कोरडवाहू शेताला चालत नाही, मग बोलणारा कितीही गोड बोलो. २०१६ मध्ये पानी फाउंडेशननं जलसंधारणाची पहिली वॉटर कप स्पर्धा घेतली ती वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत. त्यांच्या प्रशिक्षणातही फिल्म होत्या, पण त्यांना बळ आलं ते माती-दगडात घाम गाळणाऱ्या ओळखीच्या गावांचं.

म्हणून यादीतल्या प्रत्येक नोंदीत नावानंतर लगेच गाव दिलं आहे. जिथं गाव सांगितलेलं नाही, बोलणारा कोण ते कळत नाही, अशा मालिका आम्ही सोडून दिल्या, मग त्यांचे प्रेक्षक लाखांत का असेनात. शेती आणि आरोग्य या दोन भागांत तर फार काटेकोर राहिलो. औषधाची बाटली दाखवून शेवटी फोन नंबर देणारा माणूस सल्ला देत नाही, माल विकतो. जाहिरात घेण्यात कमीपणा नाही, कॅमेरा आणि पेट्रोल फुकट येत नाही. ती उघड सांगितलेली असावी, एवढंच पाहिलं. फवारणीचं प्रमाण, बियाण्याची निवड अशा बाबतीत व्हिडिओ पाहूनसुद्धा अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिफारस एकदा पडताळावी, असं प्रत्येक ठिकाणी लिहिलं आहे. चुकीच्या प्रमाणाची किंमत वऱ्हाडच्या कापूस उत्पादकाला वेगळी सांगायला नको.

स्वयंपाकाचा भाग कुणी हलका समजू नये. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये अमेरिकेत असताना इंग्रजीतून सुरुवात केली आणि पुढे मराठीतून त्या घराघरांत गेल्या; परदेशातल्या मराठी घरांची भूक त्या कामाच्या मुळाशी होती. २०२० मध्ये सारोळा कासार या अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या गावातून सुमन धामणे यांचं 'आपली आजी' सुरू झालं. आजी शाळेत गेलेल्या नव्हत्या, कॅमेऱ्यासमोर कधी उभ्या राहिलेल्या नव्हत्या. नातवानं चित्रीकरण केलं, आणि काही महिन्यांत लाखो लोक त्यांचं बोट धरून कालवणं शिकू लागले. त्यांच्या हाताचा अंदाज, मसाल्याचा वास आला की 'आता बास' म्हणणं, हे छापील पुस्तकात येत नाही. वऱ्हाडात तर हा भाग फार समृद्ध व्हायला हवा. पाणगे, रोडगे, वांग्याची भाजी, आंबाडी, आणि मेळघाटात कुटकी, सावा, रानभाज्या. पावसाळ्यात कोणती भाजी कुठं उगवते, कोणती दोनदा उकळून पाणी टाकल्याशिवाय खायची नाही, हे सांगणाऱ्या बायांचं वय झालं आहे. यादीत या विषयाची नोंद असलेल्या मालिका आम्ही मुद्दाम पुढे ठेवल्या आहेत.

विज्ञानाच्या भागात पहिलं नाव अरविंद गुप्ता यांचं. १९७० च्या दशकात होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाच्या निमित्तानं ते मध्य प्रदेशात राहिले. तिथल्या बाजारात मिळणाऱ्या काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी मुलांसाठी त्रिकोण, घन, मनोरे उभे केले. ती जागा मेळघाटापासून परकी नाही, सातपुड्याचाच पलीकडचा उतार. पुढे पुण्याच्या आयुकातल्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अशा खेळण्यांचे मिनिट-दोन मिनिटांचे असंख्य व्हिडिओ केले, मराठीसह अनेक भाषांत, आणि सगळ्यांना मोफत खुले केले. हे व्हिडिओ सेमाडोहसारख्या ठिकाणी सर्वात जास्त उपयोगाचे, याची कारणं साधी आहेत. ते लहान आहेत, म्हणून कमी नेटमध्ये उतरतात. सामान गावात मिळतं. बोलणं थोडं आणि हात जास्त, म्हणून कोरकू बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलालाही भाषेच्या आधी वस्तू कळते. आश्रमशाळेच्या शिक्षकांनी यादी उघडून सुरुवात इथून करावी.

जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प हा या पुस्तिकेतला माझा सर्वात आवडता ठेवा. हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी', म्हणजे पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं ग्रामीण भारताचं लोकसंग्रहालय, त्या प्रसिद्ध करत आहे. पारीचे लोक मुळशीसारख्या भागात परत गेले, अनेक वर्षांपूर्वी गायलेल्या बायांना पुन्हा भेटले आणि त्यांना गाताना चित्रित केलं. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तिचं आयुष्य सोबत लिहिलेलं असतं. 'माणूस कोण, गाव कोणतं' या प्रश्नाचं इतकं आदरानं दिलेलं उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. कोरकू गाण्यांच्या चित्रीकरणाला कुणी हात घालणार असेल तर त्यानं आधी हे काम बघावं आणि गाणाऱ्याचं नाव लिहायला तिथून शिकावं. सध्या अनेक कोरकू गाण्यांच्या व्हिडिओंवर डीजेचं नाव मोठं असतं आणि जिच्या तोंडचं गाणं ती बाई अनामिक राहते.

जंगलाच्या भागात पर्यटकांचे सफारीचे व्हिडिओ घेतलेले नाहीत. 'वाघ दिसला का' एवढ्यावर ते सुरू होतात आणि संपतात. त्यांत गाईडचा आवाज मागून येतो: ही नखांची खूण, हे अस्वलानं उकरलेलं वारूळ, तो सर्पगरुड. सर्वात जाणकार माणूस चौकटीबाहेर. मारुती चितमपल्ली यांनी विदर्भाच्या जंगलांत, मेळघाटातही, नोकरी करताना आदिवासींकडून आणि पारध्यांकडून जे ऐकलं ते वह्यांत उतरवलं, म्हणून मराठीला तेवढे पक्षी, झाडं आणि त्यांची नावं मिळाली. आज सेमाडोहच्या गाईडनं स्वतः पडद्यावर येऊन वर्षभर एकाच नाल्याबद्दल बोलावं, मृगात काय येतं, हिवाळ्यात कोण पाणी प्यायला येतं, वणव्यानंतर काय उगवतं, तर ते तितकंच मोलाचं होईल. सावंतवाडीकडे प्रसाद गावडे यांनी 'कोकणी रानमाणूस' म्हणून हे करून दाखवलं आहे: आपलं रान, आपली देवराई, आपली घरं, आणि त्यांवर येणाऱ्या प्रकल्पांबद्दल स्पष्ट मत. उत्तर प्रदेशाच्या बुंदेलखंडात 'खबर लहरिया'च्या बायांनी २००२ मध्ये छापील पत्रापासून सुरुवात केली आणि पुढे त्या फोन घेऊन व्हिडिओ बातमीदारी करू लागल्या. दोन्ही ठिकाणी माणसं तिथंच राहतात. व्हिडिओ करून ती निघून जात नाहीत. त्यांच्या शब्दाला गाव साक्षी असतं.

एक सावधगिरी. या मालिका कधीही नाहीशा होऊ शकतात. जून २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यांतल्या असंख्य पोरापोरींचं काम एका रात्रीत दिसेनासं झालं. अनेकांकडे मूळ प्रती नव्हत्या. बंदीचं कारण काहीही असो, नुकसान त्यांचं झालं. त्याच वर्षी 'आपली आजी'चं चॅनेल हॅक झालं होतं, सुदैवानं ते परत मिळालं. म्हणून करणाऱ्यांनी मूळ चित्रण वेगळ्या कार्डात किंवा हार्ड डिस्कवर ठेवावं आणि त्यावर गाव, तारीख, बोलणाऱ्याचं नाव लिहावं. बघणाऱ्यांनीही, जिथं मालिकेनं परवानगी दिली आहे तिथं, उतरवून ठेवावं. दहा-बारा वर्षांपूर्वी धारणी-परतवाड्याच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची. रेंज नसलेल्या गावात ती पद्धत अजूनही उपयोगाची आहे. तालुक्याला गेलेल्यानं आठवड्याचं निवडून आणायचं आणि गावात मिळून पाहायचं. एकट्यानं अंगठा सरकवत पाहण्यात आणि दहा जणांत थांबवून, भांडून पाहण्यात पुष्कळ अंतर आहे. 'डिजिटल ग्रीन'चं यशही मुख्यतः त्या थांबवण्यात होतं.

यादी वाचायची रीत अशी. प्रत्येक नोंदीत मालिका, गाव, भाषा किंवा बोली, एका भागाची साधारण लांबी आणि पहिल्यांदा कोणता भाग पाहावा ते दिलं आहे. लांबी मुद्दाम दिली, कारण रिचार्ज बघून पाहणाऱ्याला ती आधी कळायला हवी. कोरकू मालिकांची नावं त्यांच्या करणाऱ्यांनी जशी लिहिली तशीच ठेवली आहेत, शुद्धलेखन सुधारलेलं नाही. सुधारलं तर शोधताना सापडणार नाहीत. बंद पडलेल्या मालिकाही, जुने भाग उपलब्ध असतील तर, ठेवल्या आहेत. चांगलं काम थांबलं म्हणून जुनं होत नाही. प्रत्येक विभागाच्या शेवटी दोन कोरी पानं आहेत. त्यांवर वाचणाऱ्यांनी आपल्या भागातल्या मालिका लिहाव्यात, आधी गाव, मग नाव. ही पुस्तिका शाळेत किंवा ग्रंथालयात असेल तर ती पानं भरण्याचं काम सातवी-आठवीच्या मुलांवर सोपवावं. गावात कोण काय चित्रित करतंय ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं.